रावसाहेब बाहेर येत नाहीत

चर्रर्र.

घर अजून साखरझोपेत होतं. पिशवीची चेन उघडल्याचा तेवढा आवाज झाला आणि दुसऱ्याच क्षणी ओट्याखालून रावसाहेब धावत आले. शेपटी ताठ, मिशा पुढे, पोट डावीकडून उजवीकडे हेलकावतंय. आले ते थेट पिशवीत शिरले, आतल्या आत एक गिरकी घेतली, बसले आणि खाऊची वाट बघू लागले. ठकूच्या आईने मूठभर कोरडा खाऊ आत टाकला आणि चेन ओढून घेतली. आतून कुरुमकुरुम सुरू झालं.

ज्या गोष्टीची तिने सगळ्यात जास्त धास्ती घेतली होती, ती निघायच्या दिवशी अशी चुटकीसरशी झाली. तिला वाटलं, आता विमान काय, चंद्रावरसुद्धा जाता येईल.

रावसाहेब म्हणजे घरातला बोका. तांबूस, जाडा, एक कान कुठल्याशा जुन्या लढाईत फाटलेला. ठकूच्या बाबाने त्याला एवढंसं पिल्लू असताना जिन्याखालून उचलून आणलं होतं. पण मोठा होताहोता त्याची चाल अशी काही भारदस्त झाली, की त्याला अरे-तुरे करायची कुणाची छाती होईना. "रावसाहेब, जरा सरकता का?" असं विचारल्याशिवाय या घरात कुणी सोफ्यावर बसत नसे.

ठकूच्या बाबाला दूरच्या शहरात नोकरी लागली आणि तो एकटाच पुढे गेला. घर मिळालं, शाळा मिळाली, की तुम्ही या, असं ठरलं होतं. घर मिळालं, शाळाही मिळाली. तेव्हा ठकूने अट घातली. पाच वर्षांच्या पोरीची अट ती, पण वकिलाने लिहून द्यावी तशी पक्की होती: रावसाहेब येणार असतील तर मी येते, नाहीतर मी इथेच आजीजवळ राहते. ठकूची आई तेव्हा एका हाताने पडदा शिवत होती आणि दुसऱ्या हाताने भात ढवळत होती. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतं. तीही म्हणाली. म्हणाली एवढंच नाही, शब्द दिला. मग कळलं की तो शब्द पाळायचा म्हणजे विमानात मांजर न्यायचं.

फोनवरून ठकूचा बाबा म्हणाला, काही अवघड नाही, मी नियम वाचलेत. पायाशी मावेल अशी मऊ पिशवी घे, त्याला तिच्यात बसायची सवय लाव, बाकी सगळं सोपं आहे. तिकडून बोलणाऱ्याला इकडचं सगळं सोपंच असतं.

तर सवय लावायची ठरली, आणि पुढचे कित्येक दिवस घराची शाळा झाली. पहिल्यांदा रावसाहेबांनी पिशवीकडे असं पाहिलं, की जणू कुणीतरी त्यांच्या बैठकीत परक्याचे जोडे आणून ठेवलेत. मग पिशवीच्या दारात खाऊ ठेवला, मग आत, मग आणखी आत. आतली गादी सरकते म्हणून ते चटकन बाहेर येतात हे ठकूच्या लक्षात आलं. तेव्हा तिच्या आईने आपला एक जुना सुती गाऊन काढला. ठकू पोटात होती तेव्हा ती तोच घालायची, धुऊन धुऊन तो सायीसारखा मऊ झाला होता. त्याची जाड गादी शिवली आणि पडद्यांच्या शिलाईला वापरायच्या पक्क्या दोऱ्याने ती पिशवीच्या तळाला टाचून टाकली. गादी सरकायची थांबली आणि रावसाहेब तिथेच डुलक्या काढू लागले. चेनचा आवाज झाला की खाऊ, हेही त्यांना पाठ झालं. पुढे पुढे तर ठकूच्या आईने स्वतःच्या पर्सची चेन उघडली तरी ते येऊन उभे राहत.

सासूबाई हे सगळं पलंगावरून बघायच्या. त्यांचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. "माझ्या लेकालासुद्धा मी इतक्या लाडाने शाळेत पोचवलं नव्हतं," म्हणायच्या. आणि मग दर वेळी, जाता जाता, सुनेकडे न बघता: "कशाला एवढी यातायात? राहू दे की त्याला माझ्याजवळ."

ठकूच्या आईला त्यात टोमणा ऐकू यायचा. म्हणजे मला जमणार नाही, असं ना? मग ती हट्टाने पिशवी घेऊन जिना चढउतार करायची.

सासूबाईंनाही या म्हटलं होतं, नाही असं नाही. सगळ्यांनी म्हटलं होतं. पण त्या म्हणाल्या, मला कुठे नेता, माझी माणसं इथे, माझे गुडघे इथे. गुडघे तिकडेही येतील की, असं लेक फोनवर म्हणाला, सगळे हसले, त्याही हसल्या, आणि विषय तिथेच राहिला. आधी तुम्ही बस्तान बसवा, मग बघू, असं ठरलं. म्हणजे काहीच ठरलं नाही.

विमानतळावर सोडायला मात्र त्या हट्टाने आल्या. गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि वाटभर जाळीतून बोट घालून रावसाहेबांचं कपाळ खाजवत राहिल्या. आत फक्त तिकीटवाल्यांना सोडत होते. काचेच्या बाहेर खुर्च्यांची ओळ होती, तिथे त्या टेकल्या.

"अहो आई, तुम्ही निघा ना. गाडी उभी आहे."

"निघेन गं. तुम्ही पार आत गेलात की फोन कर."

म्हणजे इथेही पहारा, असं मनात म्हणत ठकूची आई निघाली. एका खांद्यावर बॅग, दुसऱ्या खांद्यावर रावसाहेब, हातात ठकू.

सामान देण्याच्या खिडकीवर सगळं सुरळीत झालं. वजन बसलं, डॉक्टरांचे कागद बघितले, खिडकीवरच्या मुलीने जाळीतून डोकावून "किती शहाणं आहे" म्हटलं. ठकूच्या आईला उगाचच अभिमान वाटला. शहाणं आपोआप होत नाही बाई, मेहनत घ्यावी लागते.

आणि मग सुरक्षा तपासणीची रांग आली.

गणवेशातल्या माणसाने ट्रे पुढे सरकवले. फोन यात, पर्स यात, जोडे काढा, मांजर बाहेर काढून हातात घ्या, पिशवी रिकामी मशीनमधून जाईल. हे तिला ठाऊक होतं. नियम तिनेही वाचले होते. पण मांजराला पिशवीत घालणं अवघड, काढायला काय लागतं? चेन उघडली की उडीच मारतील. म्हणून तर तिने त्यांना पट्टा घालून दोरी ठकूच्या मनगटाला अडकवली होती.

तिने चेन उघडली.

काही झालं नाही.

"या," ती म्हणाली. "रावसाहेब, या बाहेर."

रावसाहेबांनी चेनचा आवाज ऐकला होता. ते खाऊची वाट बघत होते. खाऊ पर्समध्ये होता आणि पर्स मशीनच्या पोटात गेली होती. तिने हात आत घातला तसे ते तळाशी चपटे झाले. इतका जाडा बोका इतका पातळ होऊ शकतो हे तिने आजवर पाहिलं नव्हतं. मागे एका गृहस्थाने घड्याळ पाहून सुस्कारा टाकला. त्याच्या मागच्या बाईंनी सल्ला दिला की मानेला धरून उचला, आमच्या शेजारणीचं असंच उचलतात. आणखी कुणीतरी म्हणालं, पिशवी उलटी करा. मांजर आडवं गेलं की काम अडतं म्हणतात. इथे मांजर आडवं बसलं होतं आणि अख्ख्या रांगेचं काम अडलं होतं.

तिने पट्टा धरून ओढलं. पट्टा सरकून कानांपर्यंत आला, रावसाहेब जागचे हलले नाहीत.

"ओढू नका," गणवेशातली एक बाई पुढे येत म्हणाली. "पट्टा निसटला आणि तो इथे सुटला, तर दिवसभर आम्हालाच पळवेल. चला, आत चला."

आत म्हणजे एक छोटी खोली होती. पांढऱ्या भिंती, डोक्यावर पांढरा दिवा, मध्ये स्टीलचं टेबल. अधिकारी बाईने रबरी हातमोजे चढवले, पिशवी टेबलावर ठेवली आणि दार लावून घेतलं. पिशवीतून एक आवाज आला. गुरगुरणं नव्हे, म्यावही नव्हे. तळघरातून कुणीतरी कण्हावं तसा.

आणि तेव्हा ठकूच्या आईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असा प्रकाश नेहमी उशिराच पडतो.

आत जायला त्यांनी शंभरदा शिकवलं होतं. बाहेर यायला कधीच नाही. घरी चेन उघडी टाकायची आणि रावसाहेब मर्जीने, वामकुक्षी आटोपून, केव्हातरी बाहेर यायचे. हात घालून त्यांना बाहेर काढलं होतं ते फक्त डॉक्टरांकडे. अशाच पांढऱ्या खोलीत, अशाच स्टीलच्या टेबलावर, असेच हातमोजे घातलेल्या माणसासमोर. आणि बाहेर आल्या आल्या सुई. म्हणजे पिशवीत घर होतं, बाहेर सुई होती. रावसाहेब अडेलतट्टू नव्हते, शिकवलेलं चोख लक्षात ठेवत होते.

हे तिने अधिकारी बाईला सांगून पाहिलं. ती ऐकून घेणारी होती, पण नियम नियमच होता.

"पटतं मला. पण एक तर तो बाहेर येईल, नाहीतर तुम्ही तिघं बाहेर जाल," ती शांतपणे म्हणाली. "विमान थांबायचं नाही. बाहेर कुणी आलंय का सोडायला? त्यांच्याकडे देता आलं तर बघा."

बाहेर सासूबाई होत्या. काचेपलीकडे, खुर्चीत, पक्क्या बसलेल्या. काही करायचं नव्हतं, पिशवी उचलून मागे न्यायची आणि त्यांच्या मांडीवर ठेवायची. त्या "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणणारही नाहीत. नुसतं बघतील. ते जास्त वाईट.

ठकू इतका वेळ दोरी धरून उभी होती. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, रडणाऱ्या पोराला समजावता तरी येतं. तिने पाठीवरची छोटी बॅग उतरवली, जमिनीवर ठेवली आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसली.

"मग मीपण आजीकडे," ती म्हणाली. "तू जा. बाबाला सांग."

ठकूच्या आईला संताप आला. कुणाचा, ते तिचं तिलाच ठरवता येईना. नियम वाचून "सोपं आहे" म्हणणाऱ्या नवऱ्याचा, बाहेर पहारा देणाऱ्या सासूबाईंचा, सल्ला देणाऱ्या त्या रांगेतल्या बाईंचा, या मांडी घालून बसलेल्या वकिलिणीचा. महिनोन् महिने तिने एकटीने घर आवरलं, पडदे शिवले, खोकी बांधली, दाखले मिळवले, आणि सगळ्यांना सोबत घेऊन ती उंबऱ्यापर्यंत आली होती, तर आता एक बोका तिला ओलांडू देत नव्हता. क्षणभर तिला वाटलं, आपणच पिशवीत जाऊन बसावं. कुणीतरी चेन ओढून घ्यावी. वरून मूठभर काहीतरी खायला टाकावं. आणि कुणी, कुणीही, बाहेर ये म्हणू नये.

"मेल्या, ये ना रे बाहेर," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांना अरे-तुरे बोलली. ठकूने दचकून वर पाहिलं.

तिने पुन्हा हात आत घातला, पण या वेळी ओढायला नाही. पोटाखालून बोटं फिरवली तेव्हा कळलं, की चारही पायांची नखं गाऊनच्या गादीत रुतली आहेत. एक सोडवावं तर दुसरं रुतत होतं. मांजर गादीवरून निघणार नव्हतं.

पण गादी पिशवीतून निघू शकत होती.

तिने अधिकारी बाईकडे पाहिलं. "ताई, कात्री मिळेल? नाहीतर एखादं ब्लेड?"

अधिकारी बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "बाई, ते घेण्याचं काम आम्ही करतो. देण्याचं नाही."

ठकूच्या आईने केस मागे बांधले, टेबलावर वाकली आणि डोकं पिशवीत घातलं.

आत अंधार होता, कोरड्या खाऊचा आणि जुन्या गाऊनचा वास होता. पहिला टाका दातांना लागला. तिने तो चावला. तो तुटेना. ती ज्याला पडदे शिवून द्यायची तो दुकानदार तिच्या हातच्या शिलाईचं सगळ्यांपुढे कौतुक करायचा, की पडदा फाटेल पण टाका उसवायचा नाही. या क्षणी तिला त्या कौतुकाचे चार कोपरे आणि मधला एक, असे पाचही टाके दातांनी कुरतडायचे होते, आणि प्रत्येकाला तिने स्वतःच्या हातांनी दुहेरी गाठ मारली होती. माणसाने कामात इतकं पक्कं असू नये.

पहिला तुटला. दुसरा कोपरा रावसाहेबांच्या बुडाखाली होता. तिने कपाळाने त्यांना थोडं सरकवलं. ते सरकले. आता त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्याला लागून होता, त्यांचे श्वास तिच्या गालावर भराभर येत होते आणि त्यांचं सगळं अंग बारीक थरथरत होतं. एवढा भारदस्त बोका आणि काळीज चिमणीएवढं, तेही उडून जायच्या बेतात. तिचा राग कुठल्या टाक्याबरोबर तुटला ते तिला कळलं नाही.

"असू दे हो," ती अंधारात पुटपुटली. तोंडात दोरा होता. "नका येऊ बाहेर. बसून राहा. मी नेते तुम्हाला बसल्याबसल्या."

ठकू केव्हाची उठून उभी राहिली होती आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बाहेरून बातम्या देत होती, की आई, एक शेपटीजवळ राहिलाय. शेवटचा टाका तुटला तेव्हा अधिकारी बाईने न सांगता पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी ताणून धरलं. ठकूच्या आईने गादी हळूहळू ओढली. भट्टीतून पाव काढावा तशी गादी बाहेर आली, आणि गादीवर बसलेले रावसाहेब बाहेर आले. त्यांच्या ते लक्षात आलं तोवर गाऊनचे चारही काठ त्यांच्या अंगाभोवती लपेटले गेले होते आणि ते ठकूच्या आईच्या छातीशी होते. फक्त फाटका कान बाहेर दिसत होता.

रिकामी पिशवी मशीनमधून गेली. ठकूची आई, गाऊन आणि रावसाहेब तपासणीच्या चौकटीतून गेले. अधिकारी बाईने वरवर हात फिरवून तपासलं, जा म्हणून मान हलवली आणि मग हळूच स्वतःच्या ओठाकडे बोट दाखवलं.

"दोरा आहे. इथे."

विमानाच्या दाराशी रांग अजून लागायची होती. खुर्च्यांच्या एका कोपऱ्यात ठकूची आई धपकन बसली. रावसाहेब पुन्हा पिशवीत, उसवलेल्या गादीवर, जगाकडे पाठ करून बसले होते. ठकू जाळीतून त्यांना एकेक दाणा भरवत होती. तिच्या आईचे दात दुखत होते, मनगटावर एक लांब ओरखडा होता, आणि तरीही तिला उठून सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं, की जमलं मला. नवऱ्याला सांगायचं होतंच, जरा सुनावायचंही होतं. पण फोन हातात घेतला तर त्यावर सासूबाईंचेच फोन येऊन गेलेले. एकावर एक.

तिने त्यांना आधी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"झालं का गं?"

"झालं आई. जरा वेळ लागला. बाहेर यायला तयार नव्हते, पण झालं."

"म्हणजे रावसाहेबांना सोडलं आत?"

"सोडलं."

पलीकडून विमानतळाचा आवाज ऐकू येत होता. चाकांच्या बॅगा, कुणाचीतरी हाक. त्या अजून तिथेच होत्या.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "पोरीचं मन राहिलं. मी म्हटलं, न जाणो, नाही सोडलं आणि परत द्यायला आलीस तर कुणीतरी असावं. म्हणून बसले होते. त्याची पाण्याची वाटीपण आणली होती सोबत, गाडीत तहान लागली असती त्याला." मग घाईघाईने, "चल, गाडीवाला वैतागलाय. निघते. पोचलात की कळव."

ठकूच्या आईने फोन मांडीवर ठेवला. 'राहू दे की त्याला माझ्याजवळ.' ते वाक्य तिने कितीदा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यात तिला फक्त स्वतःचंच नाव ऐकू आलं होतं.

"आजी काय म्हणाली?" ठकूने विचारलं.

"म्हणाली, बरं झालं."

ठकूने शेवटचा दाणा जाळीतून आत सरकवला. रावसाहेबांनी मान न वळवता तो खाल्ला. ती हात झटकून आईच्या शेजारच्या खुर्चीवर चढून बसली, पाय हलवत राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली होती. हिशेब जुळत नसला की पडायची तीच आठी, हुबेहूब आजीसारखी.

"आई, रावसाहेबांना आपण एवढे दिवस सवय लावली ना?"

"हो."

"त्यांना एकदम भीती वाटू नये म्हणून?"

"हो गं राणी."

"मग आजीला एकटं राहायची सवय आपण कधी लावली?"